घरचं बोट

माझ्या सासरी सगळ्यांची बोटं टोकाला फुगलेली आहेत. सासरे, त्यांचे दोन भाऊ, माझे तीन साळे, त्यांची लेकरं, अगदी माझी बायकोसुद्धा. कुणाचाही हात बघा, शेवटचं पेर गोल गुबगुबीत आणि नख पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं. अल्लीपुरात उतरून त्यांचं घर विचारलं तर पानठेलेवाला आडनाव पुरतं ऐकूनही घेत नाही. "ते बोटंवाले ना?" एवढंच विचारतो आणि गल्ली दाखवतो.

एखाद्याला वाटेल, बिचारे लाजत असतील. लाज कसली! बोटांचा एवढा तोरा मी राजघराण्यातही पाहिला नसता, म्हणजे राजघराण्यात जाण्याचा योग आला असता तर. मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, एक ठरलेलं वाक्य आहे. "आमाले घडोतानी देवानं मातीची कंजुषी नाई केली," असं ते म्हणतात आणि समोरच्याच्या हाताकडे दयेनं बघतात. समोर बहुतेक वेळा मी असतो.

माझी बोटं बारीक. मी वर्ध्यात एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवतो, बोरगाव मेघेला राहतो, आणि एकवीस वर्षांपूर्वी या बोटंवाल्यांचा जावई झालो. मला बघायला आले त्या दिवशी नोकरी, घर, स्वभाव सगळं पसंत पडलं, पण परत जाताना अंगणातच मोठे साळे म्हणाले होते, "पोरगा चांगला हाये, पन बोटं पाह्यली काय? उदबत्त्या हायेत." ते मी ऐकलं. बायको म्हणते विसरा. मी विसरणारा माणूस नाही.

सासरी बोटाचा कस लागतो तो रोडग्यांच्या दिवशी. हिवाळ्यात तुरी निघाल्या की त्यांच्या वावरात सगळं घराणं जमतं. रोडगा म्हणजे जाडसर कणकेचा, आत तेलाचा हात फिरवून घड्या घातलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचा आणि वांग्याच्या भाजीत चुरून खायचा. भाजण्याआधी त्याच्या मधोमध अंगठ्यानं खोल खळगा पाडतात, म्हणजे आच आतपर्यंत पोचते. दुसरीकडे हा खळगा कुणीही पाडत असेल. माझ्या सासरी तो फक्त घरच्या बोटानं पाडायचा असा नियम आहे. सुनांनी कणीक मळायची, जावयांनी गोवऱ्या वाहायच्या, आणि बोटंवाल्यांनी परातीभोवती बसून एकेक गोळा दाबायचा, जणू सरकारी कागदावर शिक्का मारतायत.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी आगाऊपणा करून एक रोडगा दाबला होता. तो आतून कच्चा निघाला. मामाजींनी तो फोडला, हुंगला आणि शेजाऱ्याच्या हातात दिला. मग तो रोडगा बारा माणसांच्या हातांतून फिरला, आणि प्रत्येकानं तो बघून माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून मी गोवऱ्या वाहतो.

खोटं कशाला बोलू, मला त्याचं वाईट वाटायचं. माझे आईवडील लवकर गेले, सख्खं भावंड नाही. माणसांचा गोतावळा म्हणजे काय ते मला सासरीच कळलं, आणि त्याच गोतावळ्यात मी एकवीस वर्षं "जवाईबापू, तुमी बसा ना" होतो. मान भरपूर, पाट वेगळा, वाटी मोठी. पण परातीजवळ जागा नाही.

असो. आता खोकल्याकडे येतो.

परवाच्या दसऱ्यानंतर मला खोकला लागला. आधी मी तो छापखान्यातल्या धुळीवर ढकलला. मग कापसाच्या दिवसांवर. त्या दिवसांत हिंगणघाटकडून आलेला वारासुद्धा अंगात सरकी घेऊन येतो, असं माझं मत आहे. बेडक्याला घाण वास यायला लागला तेव्हा मी किडलेल्या दाढेवर ढकलला. दाढ खरंच किडली होती आणि ती काढून घ्यायची हिंमत माझ्यात नव्हती. संध्याकाळी अंगात कणकण यायची, तिला मी थकवा म्हणायचो. कारणं शोधण्यात मी हुशार आहे.

दिवाळी झाली आणि माझी बोटं फुगायला लागली. आधी मोबाईलनं मला ओळखायचं सोडलं. अंगठा लावला की म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा. मग कीबोर्डवर एक अक्षर दाबलं की शेजारचंही उमटायचं. मालकानं चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. नखं चकचकीत झाली होती आणि पुढून वळायला लागली होती. मी एकटाच बसून हात उलटेसुलटे करून बघायचो, आणि सांगायला लाज वाटते, मला ते आवडायला लागलं होतं.

जानेवारीत रोडग्यांचा दिवस आला. मी नेहमीप्रमाणे गोवऱ्यांची पाटी घेऊन निघालो होतो. मोठ्या साळ्यांनी पाटीला हात लावला, आणि त्यांची नजर माझ्या बोटांवर पडली.

"थांबा, थांबा! जवाईबापू, हात दाखवा!"

पाटी खाली. माझा हात वर. मामाजींना हाक गेली. ते धोतर सावरत आले, माझं एकेक बोट धरून त्यांनी पेर दाबून पाहिलं, नख खालून पाहिलं, बाजूनं पाहिलं, आपलं बोट माझ्या बोटाला लावून पाहिलं. मग त्यांनी साऱ्या वावराला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

"बाप्पा! जवायाले बोट आलं!"

त्यानंतर जे झालं ते मला जन्मभर पुरेल. सगळे धावत आले. धाकटे काकाजी, म्हणजे मामाजींचे शेवटचे भाऊ, म्हणाले, एकवीस वर्षं आमच्या घरचं मीठ खाऊन राह्यले, मीठ शेवटी उतरलं. मधल्या काकाजींना ते पटलं नाही. त्यांच्या मते ही आमच्या विहिरीच्या पाण्याची करामत होती, आणि त्यावर दोघांचं जुंपलं. सासूबाईंनी निकाल दिला की नवराबायको फार वर्षं एकत्र राहिले की एकमेकांसारखे दिसायला लागतात. यावर कुणीतरी विचारलं की मग मामाजींच्या शेजारी पंचेचाळीस वर्षं राहून तुमची बोटं अजून सडपातळ कशी. सासूबाई म्हणाल्या, मी मनावर नाही घेतलं.

मला परातीजवळ बसवलं. मामाजींनी स्वतः पहिला गोळा पुढे सारला. मी अंगठा रोवला. खळगा असा खोल पडला की मधले काकाजी "वाह!" म्हणाले. त्या दिवशी मी पन्नासेक रोडगे दाबले. मध्येच खोकल्याची उबळ यायची, सगळे म्हणायचे धूर हाये, धूर हाये, आणि मी मान हलवायचो. डोळ्यांत पाणी आलं तेही मी धुराच्याच खात्यात टाकलं.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. वावरात जाण्याच्या दोनच दिवस आधी मी मोबाईलवर शोधलं होतं, मोठ्या माणसाची बोटं अचानक का फुगतात. त्यात फुप्फुस होतं, हृदय होतं, यकृत होतं, आतडी होती. एवढी यादी वाचून मी मोबाईल पालथा ठेवला आणि पत्रिकेतली आहेराची ओळ दुरुस्त करायला लागलो. म्हणजे मला शंका होती. तरी मी रोडगे दाबत बसलो, कारण मला त्या परातीवरून उठायचं नव्हतं. माणूस किती मूर्ख असू शकतो याचं उदाहरण म्हणून मी कुणालाही उपलब्ध आहे.

बायको मात्र मूर्ख नाही. घरी परत आल्यावर तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला, शेजारी आपला हात ठेवला आणि बराच वेळ बघत बसली.

"आमची बोटं पाळन्यातली हायेत," ती म्हणाली. "तुमची दिवाळीनंतरची. आन् मले हे सांगा, तुमची पँट काऊन ढिली होऊन राह्यली?"

"कमी जेवतो."

"काऊन कमी जेवता?"

ती म्हणाली डॉक्टरकडे चला. मी म्हणालो वेळ नाही, सीझन आहे, लग्नं आहेत. दोन आठवडे तिनं सरळ भांडून पाहिलं. मग तिनं चाल बदलली. अल्लीपूरला फोन लावला आणि बापाला सांगितलं की बोट आलंय खरं, पण ते कच्चं आहे, वैद्याकडून एखादं पौष्टिक औषध आणलं तर पक्कं होईल. मामाजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दारात हजर! सासऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी गुमान निघालो.

वर्ध्यातल्या त्या वैद्यबाई साठीच्या असतील. दवाखान्यात तेलांचा वास, भिंतीवर औषधी झाडांचं कॅलेंडर, आणि बाईंच्या चेहऱ्यावर हसू शोधूनही सापडत नव्हतं. मामाजींनी बसता बसताच विषय मांडला.

"बाई, आमच्या जवायाले बोट आलं. ते पक्कं झालं पाह्यजे. एखादं तूपबिप द्या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझा हात घेतला. नखाच्या मुळाशी हलकं दाबलं. नख खालीवर झालं, ओल्या कणकेवर ठेवल्यासारखं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, छातीला कान लावावा तसा श्वास ऐकत राहिल्या.

"झोपेत घाम येतो?"

"उकडतं," मी म्हणालो. तेव्हा फेब्रुवारी होता.

"बेडक्याला वास?"

"दाढ किडली आहे."

"दाढेचा वास तोंडात असतो. तो खोकल्याबरोबर छातीतून वर येत नाही."

मामाजी अस्वस्थ झाले. त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर पसरले, दुकानदारानं माल पसरावा तसे. "बाई, हे पाहा. आमच्या घरी समद्यांचं असंच हाये. मी शहात्तरचा हाव, अजून वावरात जातो."

"जन्मापासून?"

"जन्मापासून."

"मग तुमचा प्रश्न नाही. यांचा आहे." बाई माझ्याकडे वळल्या. "आयुर्वेदात नखाला हाडाचा मळ म्हणतात. हाड घडताना जे उरतं त्यातून नख होतं. म्हणून नखाचा रंग, आकार बघून आत काय चाललंय याचा अंदाज करायचा. पण या फुगलेल्या बोटांना एक नाव आणि त्यावर एक पुडी, असं काही मला आमच्या ग्रंथांत सापडलेलं नाही. बोट हा रोग नाहीच. श्वासाची वाट कफानं तुंबली आहे, रक्त बिघडलं आहे, आणि ते इथं टोकाला दिसतंय."

"मंग कफाचं चूर्न द्या ना."

"देईन. आधी छातीचा फोटो."

मामाजींना हे अजिबात आवडलं नाही. "आयुर्वेदात फोटो कुठून आला, बाई?"

"मला छातीच्या आतलं दिसत नाही, म्हणून आला," बाई म्हणाल्या आणि मोठ्या हॉस्पिटलच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

परत येताना मामाजी धुमसत होते. घराण्याच्या बोटाला कुणीतरी आजार म्हटलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की डॉक्टर लोकांना एकदा सगळी बोटं एकत्र दाखवायची, म्हणजे जवायावरचा आळ जाईल. झालं! ठरल्या दिवशी मी आणि बायको हॉस्पिटलच्या फाटकाशी उभे होतो, आणि अल्लीपूरहून क्रूझर जीप भरून आली. तिच्यातून अकरा बोटंवाले उतरले. सासूबाई बारीक बोटांच्या असूनही जेवणाचे डबे घेऊन आल्या होत्या.

छातीच्या विभागात एक तरुण डॉक्टर बसले होते आणि त्यांच्याभोवती शिकाऊ पोरंपोरी. आम्ही रांगेनं आत शिरलो. डॉक्टरांनी आधी माझी चिठ्ठी वाचली, मग मागची माणसं पाहिली, मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं आणि ते उभेच राहिले. शिकाऊ पोरांचे चेहरे असे उजळले की मला वाटलं आता मिठाई वाटतात.

"दोन्ही हातांची अंगठ्याशेजारची बोटं, नखाला नख लावून, पाठीला पाठ, अशी धरा," डॉक्टरांनी करून दाखवलं. "माझ्या बोटांत बघा, मधे एक फट दिसते. शंकरपाळ्याच्या आकाराची. त्यातून उजेड दिसतो. बोटं अशी फुगली की ती फट बुजते."

अकराही जणांनी हात वर करून नखाला नख लावलं. कुणालाही उजेड दिसला नाही. "नाई!" "नाई!" "आमालेबी नाई!" अशा आनंदाच्या हाका सुरू झाल्या. दाराबाहेरच्या रांगेतल्या लोकांना वाटलं ही काहीतरी नवी तपासणी आहे, तेव्हा त्यांनीही हात वर केले. पाच मिनिटांत सबंध व्हरांडा ट्यूबलाइटकडे तोंड करून बोटांच्या फटीतून बघत होता, त्यात दारावरचा शिपाईही आला. ज्यांना शंकरपाळं दिसलं ते सुटलो म्हणून हसत होते. आमचे लोक त्यांच्याकडे दयेनं बघत होते.

शिकाऊ पोरांनी फोटो मागितले. एरवी माहेरी बेफिकीर असणाऱ्या बायकोच्या चुलत बहिणींनी पदर नीट केला आणि मेंदी काढल्यासारखे हात पुढे धरले. मामाजींनी खुर्ची मागून घेतली आणि देवाच्या मातीचं ते वाक्य म्हणून भाषण सुरू केलं. एक मुलगी ते खरंच वहीत लिहून घेत होती.

डॉक्टरांनी सगळ्यांची छाती ऐकली, काही प्रश्न विचारले आणि म्हणाले, "आजोबा, तुमच्या घरची ही बोटं वारशानं आलेली आहेत. रक्तातून. त्यात काही आजार नाही, औषधही नको."

"हेच तर सांगून राह्यलो!" मामाजींनी विजयी मुद्रेनं माझ्या पाठीवर थाप मारली.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "आणि तुम्ही यांचे कोण?"

"जावई."

"म्हणजे रक्ताचं नातं नाही."

मामाजींचा हात माझ्या पाठीवर तसाच होता. ते हळू आवाजात म्हणाले, "एकवीस वर्षं झाले साहेब, आमच्या घरचं मीठ खाऊन राह्यले."

"मिठानं बोट येत नाही, आजोबा," डॉक्टर म्हणाले, पण प्रेमानं म्हणाले. मग मला, "खोकला कधीपासून?"

मी बायकोकडे पाहिलं. "दसऱ्यापासून," मी म्हणालो. आणि एकदा तोंड उघडलं तर सगळंच सांगितलं. ताप, घाम, वास, पँट, मोबाईलवर वाचलेली ती यादीसुद्धा. यादीचं ऐकताच बायकोनं तोंड फिरवलं.

फोटो काढला. छातीच्या उजव्या बाजूला खाली एक गोल डाग. बोटं नेमकी का फुगतात ते पुरतं उलगडलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले; पण एक समजूत अशी की रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या मोठ्या गुठळ्या फुप्फुसात गाळल्या जातात. फुप्फुस बिघडलं की त्या तशाच पुढे निसटतात, बोटांच्या टोकांत अडकतात आणि तिथलं मांस वाढवतात.

"म्हंजे चाळनी फाटली," मामाजी म्हणाले.

"तसंच समजा. आता कशानं फाटली ते बघायचं. पू असेल, टीबी असेल, किंवा गाठ असेल. मी लपवत नाही. तीन-चार दिवस लागतील."

त्या चार दिवसांत मी फार घाबरलो होतो. मला मरणाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त याची, की मी चार महिने कारणं शोधत राहिलो आणि शेवटी एका परातीसाठी गप्प बसलो. क्रूझर परत गेली, पण मामाजी गेले नाहीत. ते बोरगाव मेघेच्या आमच्या घरी व्हरांड्यात बसून राहिले. चहा दिला की घ्यायचे, पेपर दिला की धरायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ते हात काखेत घालून बसतात. भेटायला कुणी आलं की आणखी आत ओढून घ्यायचे. एवढी मिरवलेली बोटं हा माणूस लपवत होता, आणि ते मला डागापेक्षा जास्त बघवेना.

चौथ्या दिवशी कळलं. गाठ नाही, टीबी नाही. फुप्फुसात गळू झालं होतं, पुवानं भरलेलं. किडलेल्या दाढेतली घाण झोपेत खाली उतरत गेली असावी, असं डॉक्टरांचं म्हणणं.

"दाढेनं?" सासूबाई फोनवर किंचाळल्या. "येवढं मोठं नाटक दाढेनं? आन् आमी विहिरीले हार घालून आलो!" मधल्या काकाजींचा सिद्धांत शेवटी जिंकला होता तर. मी हसत सुटलो, हसता हसता खोकलो, आणि बायको पहिल्यांदा रडली.

दोन आठवडे हॉस्पिटलात, सुईतून औषध. पुढे घरी गोळ्या. दाढ काढली, फारसं दुखलं नाही, हे कुणाला सांगू नका. वैद्यबाईंकडे परत गेलो तर त्यांनी मुगाचं कढण, सुंठ आणि हलकं जेवण सांगितलं, आणि वर दम दिला की डॉक्टरच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर माझ्या दारात पाऊल टाकू नका. डॉक्टरांनी कढणाचं ऐकून मान डोलावली. दोघांचं भांडण होईल आणि आपल्याला मजा बघता येईल, ही माझी आशा फोल ठरली.

छातीतला पू निघावा म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी एक उपाय दाखवला होता. खाटेवर पालथं पडायचं, डोकं छातीपेक्षा खाली लोंबतं ठेवायचं, आणि दुसऱ्यानं हाताची ओंजळ करून पाठीवर थापा मारायच्या. बायकोचा हात लवकर दुखायचा. मामाजी म्हणाले, हे काम माहं. तेव्हापासून ते दिवसाआड सकाळच्या एसटीनं अल्लीपूरहून यायचे आणि माझी पाठ बडवायचे. आवाज असा व्हायचा की पहिल्याच आठवड्यात शेजारचे काका कुंपणावरून ओरडले, "अहो, जाऊ द्या, जवाई हाये तो! समजावून सांगा ना!" मामाजी थांबले नाहीत. "समजावूनच राह्यलो!" ते म्हणाले आणि आणखी दोन ठेवल्या. मी डोकं खाली लोंबवून थुंकत असायचो. जगात काय चाललंय, कोण कसं आलं, कसं गेलं, मला फक्त खाटेचे पाय दिसायचे.

मार्च गेला, एप्रिल गेला. माझी पँट पुन्हा कमरेला बसली. प्रत्येक वेळी थापा झाल्या की मामाजी म्हणायचे, "बोटं लावून दाखवा." मी नखाला नख लावायचो. ते एक डोळा मिटून बघायचे आणि एसटी पकडायला निघून जायचे. फोटो साफ आला तरी बोटांना घाई नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, उतरतील, सावकाश उतरतील, कदाचित पूर्ण उतरणारही नाहीत.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी, अंगणात, मी सूर्याकडे हात धरले. मामाजी वाकले. फार वेळ वाकून राहिले.

"दिसून राह्यलं," ते म्हणाले. "तिळायेवढं हाये. पन उजेड हाये."

आणि ते पायरीवर मटकन बसले, पाय पुढे पसरून. तेव्हा मला त्यांचे तळवे दिसले. काळे पडलेले, भेगाळलेले, टाचेपाशी फोड फुटून सुकलेला.

"मामाजी, पायाले काय झालं?"

ते सूर्याकडेच बघत राहिले. बायको दारातून म्हणाली, "त्याईले काय इचारता, मी सांगतो. दवाखान्यात फोटो काढला त्या दिवसापासून बाबा अनवाणी हायेत. जाऊन मारुतीले नवस बोलून आले, म्हने जवायाची बोटं पयल्यासारखी बारीक होईपर्यंत पायात काई घालनार नाई. मले सांगू देत नव्हते."

आमच्याकडे मे महिन्यात डांबरी रस्ता चपलेतूनही चटका देतो. एसटी स्टँडपासून बोरगाव मेघेपर्यंत तो रस्ता आहे, आणि अल्लीपुरात फाट्यापासून घरापर्यंतही आहे. हा माणूस दिवसाआड त्यावरून चालत आला होता. ज्यानं जन्मभर त्या बोटांवरून आपला कोण, परका कोण हे ठरवलं, त्यानं देवाकडे काय मागितलं, तर माझी बोटं तशी राहू नयेत.

मला राग आला. खरा राग, डोकं तापवणारा. एकवीस वर्षांत मी ज्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, त्यांच्यावर मी अंगणात उभा राहून ओरडलो. वय काय, ऊन काय, शुगर किती आहे माहीत आहे का, पाय कापायची वेळ आली असती म्हणजे, देवाला एवढंच कळत असतं तर दाढ नसती का त्यानं आधी काढली. मला थांबताच येईना. बायको मध्ये पडली नाही. शेजारचे काका कुंपणापाशी आले आणि या वेळी तसेच परत गेले.

मामाजी मान खाली घालून सगळं ऐकत होते. माझा श्वास संपला तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"झालं काय बोलून?" ते म्हणाले. "चाल मंग पोरा, चप्पल घेऊन दे मले."

मी स्कूटर काढली. ते मागे बसले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुकान येईपर्यंत काढला नाही.